या चुका टाळा: कोलेस्टेरिक द्रवस्फटिकांतील प्रावस्था आणि नक्षी

मे महिन्यात ठाण्यातली दुपार पस्तिशी गाठते, आणि एमएस्सीच्या प्रकल्पाचे विद्यार्थी हमखास सांगतात की सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली उत्तम दिसणारी नक्षी गेली, क्रॉस पोलरायझरमध्ये (एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये) नुसता काळोख आहे. नमुना बिघडलेला नसतो. ५सीबी हा द्रवस्फटिक (द्रवासारखा वाहणारा, पण ज्याचे रेणू एका दिशेने रांगेत राहतात असा पदार्थ) सुमारे ३५ अंश सेल्सिअसला साधा द्रव होतो, आणि सीबी१५ हे कायरल द्रव्य (रेणूंच्या रांगेला मळसूत्रासारखा पीळ देऊन मिश्रण कोलेस्टेरिक करणारे) मिसळल्यावर ते तापमान आणखी खाली येते. म्हणून वहीत ‘खोलीचे तापमान’ असे कधीही लिहू नये. द्रवस्फटिकांचा शोध लावणाऱ्या राइनिट्झरने १८८८ मध्ये कोलेस्टेरिल बेंझोएटचे १४५.५ आणि १७८.५ अंश हे दोन वितळबिंदू दशांशापर्यंत नोंदवले होते. निदान तेवढी काटेकोरी आपल्याकडेही हवी. पावसाळ्यात हॉट स्टेज (नमुन्याचे तापमान राखणारा सूक्ष्मदर्शकाचा मंच) २५ अंशांच्या खाली नेली, तर काचेवर दव साचते आणि तो धुरकटपणा फोकल कोनिक नक्षी (मळसूत्रांचे आस वेडेवाकडे पडल्याने दिसणारी दुधाळ नक्षी) समजला जातो.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र वेगळी आहे: नमुना अंतिम तापमानाला कोणत्या वाटेने आला, याची नोंदच नसते. तेच मिश्रण, तेच तापमान, तरीही एकदा सपाट रंगीत प्लेनर नक्षी (मळसूत्रांचे आस काचेला लंब असलेली) मिळते आणि एकदा दुधाळ फोकल कोनिक. चिमट्याच्या टोकाने कव्हर स्लिप केसभर सरकवून पाहा, दुधाळ भाग डोळ्यांदेखत रंगीत होतो. विद्युत क्षेत्राचेही असेच आहे: जास्त व्होल्टेजने मळसूत्र पूर्ण उलगडल्यावर व्होल्टेज एकदम बंद केले तर प्लेनर, हळूहळू उतरवले तर फोकल कोनिक नक्षी उरते. त्यामुळे सेल (दोन काचांमधली नमुन्याची फट) मिश्रण साध्या द्रवाच्या अवस्थेत असतानाच भरावा आणि मिनिटाला अर्ध्या अंशाहून वेगाने थंड करू नये.

ब्लू फेजची (साधा द्रव आणि कोलेस्टेरिक यांच्यामधल्या प्रावस्थेची) व्याप्ती बहुधा अंशभराचीच असते. एकेका अंशाच्या टप्प्याने जाणारा तिला ओलांडूनच जातो, म्हणून तिथे ०.१ अंशाचे टप्पे घ्यावेत आणि तापवताना व थंड करतानाच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.

फिंगरप्रिंट (बोटाच्या ठशासारख्या) नक्षीतील लगतच्या दोन रेषांमधील अंतर हा पिच (मळसूत्राच्या एका पूर्ण फेऱ्याची लांबी) नव्हे, अर्धा पिच आहे, कारण रेणूंच्या दिशेला डोके-शेपूट नसते. ही गफलत झाली की डोपंटची, म्हणजे मिसळलेल्या कायरल द्रव्याची, मुरडशक्ती (पीळ देण्याची क्षमता) दुप्पट निघते. पडताळा सोपा आहे: सरासरी अपवर्तनांक १.६ आणि पिच ०.३५ मायक्रॉन असेल, तर लंब दिशेने परावर्तन ५६० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरवे, दिसले पाहिजे.

व्होल्टेज डीसी देऊ नये, आयन काचेकडे सरकून नक्षी विस्कटते. १ किलोहर्ट्झची एसी चौकोनी लहर वापरावी.