अमेरिकेत औषध होलसेलरच्या लायसन्सचं काम: एका ‘नाही’ने मला कसं अडकवलं

बी.फार्म.नंतर इथे येऊन रेग्युलेटरी अफेअर्समध्ये एमएस केलं, तेव्हा डोळ्यांसमोर एनडीए (नव्या औषधाच्या मंजुरीचा अर्ज), क्लिनिकल ट्रायल असलं काहीतरी भारदस्त होतं. नोकरी मिळाली ती प्रिस्क्रिप्शन औषधांच्या एका छोट्या होलसेलरकडे. काम काय, तर कंपनीची राज्याराज्यांतली लायसन्सं काढायची आणि जिवंत ठेवायची. वर्गातल्या कुणालाच हे काम माहीत नव्हतं. मी घरी फोनवर ‘कंप्लायन्स’ एवढंच सांगितलं.

हे काम करायला नव्याने येणारी आपली बरीच मुलंमुली दिसतात, म्हणून लिहितेय. १९८७ चा पीडीएमए (प्रिस्क्रिप्शन औषधांच्या विक्री-वितरणाचा केंद्राचा कायदा), त्याखालचं २१ सीएफआर २०५ (राज्यांनी होलसेलरना लायसन्स कसं द्यायचं त्याचे नियम, म्हणजेच पार्ट २०५) आणि २०१३ चा डीएससीएसए (औषधांच्या पुरवठा-साखळीच्या सुरक्षेचा कायदा) तुम्ही वाचलाय असं धरून चालते. वाचला नसेल तर आधी पार्ट २०५ वाचा. एका बैठकीत होतो.

पहिला गोंधळ आपल्या लोकांचाच खास. महाराष्ट्रात ‘एफडीएचं लायसन्स’ म्हणतो तेव्हा ते राज्याचंच खातं असतं. इथला एफडीए केंद्राचा, आणि होलसेलरला लायसन्स देतं ते राज्य. एफडीएला दर वर्षी ३१ मार्चपर्यंत अहवाल द्यायचा असतो: कोणत्या गोदामाला कोणत्या राज्याचं लायसन्स आहे आणि काही मोठी शिस्तभंगाची कारवाई झाली का. तो अहवाल म्हणजे लायसन्स नव्हे. मी पहिल्या आठवड्यात एका ग्राहकाला ‘आम्ही एफडीए लायसन्स्ड आहोत’ असं ईमेलमध्ये लिहिलं होतं. नशीब, पाठवण्याआधी कुणीतरी वाचलं.

लायसन्स कंपनीला नाही, जागेला मिळतं. दोन गोदामं असतील तर दोन. ज्या राज्यात माल पाठवता तिथलं ‘नॉन-रेसिडेंट’ लायसन्स बहुतेक ठिकाणी वेगळं. म्हणजे दोन गोदामं आणि तीस राज्यं म्हटलं की स्प्रेडशीटमध्ये साठ ओळी, आणि प्रत्येकीची मुदत वेगळ्या दिवशी संपणार. कुठे दर वर्षी, कुठे दोन वर्षांनी. खातीसुद्धा एकसारखी नाहीत. कॅलिफोर्नियात फार्मसी बोर्ड, टेक्सास आणि न्यू जर्सीत आरोग्य खातं, फ्लोरिडात व्यवसाय-नियमनाचं खातं, आणि न्यू यॉर्कमध्ये चक्क शिक्षण खातं. न्यू यॉर्कचं पान पहिल्यांदा उघडलं तेव्हा मला वाटलं चुकीच्या वेबसाइटवर आले.

सुरुवात नेहमी घरच्या राज्यापासून. गोदाम जिथे आहे तिथलं लायसन्स हातात आल्याशिवाय बाकीचे अर्जाकडे बघतही नाहीत, आणि बरीच राज्यं त्या राज्याचा इन्स्पेक्शन रिपोर्टही मागतात. श्युअरिटी बाँड (कंपनीने दंड थकवला तर तो वसूल करता यावा म्हणून दिलेली हमी) १,००,००० डॉलरचा, वार्षिक उलाढाल १ कोटी डॉलरपर्यंत असेल तर २५,००० चा, असं डीएससीएसएचं माप आहे, कॅलिफोर्नियाचंही तेच. हे सगळं किचकट आहे, पण अवघड नाही. दोन महिन्यांत जमतं, खरंच. घाबरू नका.

घाबरायचं ते एका पानाला. बहुतेक अर्जांत ते शेवटून दुसरं किंवा तिसरं असतं. त्यावर ‘हो’ आणि ‘नाही’च्या चौकटी असतात.

माझी गोष्ट अशी. आमचं ऑफिस हललं होतं आणि एका राज्याकडे जुनाच पत्ता होता. रिन्यूअलची नोटीस तिकडे गेली. लायसन्स अकरा दिवस बंद पडलं आणि त्या अकरा दिवसांत तीन शिपमेंट त्या राज्यात गेली. औषध बरोबर, कागद बरोबर, तापमानाच्या नोंदी बरोबर. फक्त लायसन्स नव्हतं. त्या राज्याने कन्सेंट ऑर्डर (दोन्ही बाजूंच्या संमतीने निघालेला कारवाईचा आदेश) काढली, दंड लावला. रक्कम इतकी किरकोळ की मालकाने चेकवर सही करताना कानाचा फोनही बाजूला केला नाही. मला वाटलं, संपलं.

दोन महिन्यांनी सात राज्यांची रिन्यूअलं एकदम आली. प्रत्येकात तो प्रश्न होता: अर्जदारावर कुठल्या राज्याने शिस्तभंगाची कारवाई केली आहे का? मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, ‘ते ॲडमिनिस्ट्रेटिव्ह होतं. ऑर्डरमध्ये लिहिलंय की आपण काही कबूल केलेलं नाही. नाही लिही.’ मी ओपीटीवर होते, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या तात्पुरत्या परवानगीवर. त्यात बिनकामाचे एकूण नव्वदच दिवस चालतात, त्यातले पस्तीस आधीच नोकरी शोधण्यात गेलेले. मी सातही ठिकाणी ‘नाही’वर टिक केलं. हे मी साहेबांवर ढकलू शकते, पण बोट माझं होतं.

चार महिन्यांनी एका राज्याचं जाड पाकीट आलं. आत आमचाच अर्ज, त्यावर ‘नाही’भोवती पेनाने गोल, आणि मागे ती कन्सेंट ऑर्डर छापून जोडलेली. पहिल्या राज्याने ती आपल्या वेबसाइटवर टाकलेली होती. कंपनीचं नाव शोधलं की दुसऱ्याच पानावर दिसत होती. मी कधी शोधलंच नव्हतं.

आता आरोप लायसन्स बंद पडल्याचा नव्हता. त्या अकरा दिवसांत त्यांना काही रसही नव्हता. आरोप होता खोटं उत्तर दिल्याचा. दंड पहिल्याच्या कितीतरी पट. आणि ही झाली दुसरी कारवाई, म्हणजे आता बाकीच्या सगळ्या राज्यांना दोन गोष्टी कळवायच्या: ती पहिली, आणि ती लपवल्याबद्दलची ही दुसरी. उरलेल्या सहा ठिकाणी मी स्वतः दुरुस्तीची पत्रं पाठवली. एका राज्याने रिन्यूअल चार महिने लटकवून ठेवलं, तेवढे महिने तिथला धंदा बंद. त्या दिवसांत मी जेवताना जीमेल उघडायचं बंद केलं होतं.

म्हणून हा प्रश्न सावकाश सांगते. कंटाळा आला तरी वाचा.

हा प्रश्न प्रत्येक राज्य वेगळ्या शब्दांत विचारतं, आणि सगळं त्या शब्दांत आहे. एक विचारतं ‘एव्हर’, म्हणजे कंपनी जन्मल्यापासून. दुसरं विचारतं मागच्या पाच वर्षांत. तिसरं, शेवटच्या रिन्यूअलनंतर. एकाच आठवड्यात एकाच घटनेला एका राज्यात ‘हो’ आणि दुसऱ्यात ‘नाही’ हे दोन्ही खरं असू शकतं. त्यामुळे मागच्या वर्षीचा फॉर्म समोर ठेवून उत्तरं उतरवू नका. फॉर्म बदलतात. एका राज्याने एका वर्षात ‘डिसिप्लिन’च्या पुढे ‘ऑर सायटेशन’ एवढेच दोन शब्द वाढवले, बाकी पान तसंच.

कारवाई म्हणजे काय, हेही तिथेच लिहिलेलं असतं. लायसन्स रद्द किंवा निलंबित होणं सगळ्यांना कळतं. पण दंड, समज, प्रोबेशन, स्वतःहून परत केलेलं लायसन्स, नाकारलेला अर्ज, आणि काही ठिकाणी मागे घेतलेला अर्जसुद्धा त्यात येतो. कन्सेंट ऑर्डर तर जवळजवळ नेहमीच. ‘आम्ही काही कबूल करत नाही’ हे वाक्य वकिलांनी तुमच्या बचावासाठी घातलेलं असतं. त्याने ऑर्डर नाहीशी होत नाही. माझे साहेब या वाक्यावर अडकले, मी साहेबांवर.

मग प्रश्न कुणाबद्दल? ‘अर्जदार’ म्हणजे फक्त कंपनी असेल असं नाही. मालक, अधिकारी, डेझिग्नेटेड रिप्रेझेंटेटिव्ह (गोदामाच्या कामाला राज्यापुढे जबाबदार म्हणून नेमलेला माणूस), एकाच मालकीच्या बहिणीबहिणी कंपन्या, सगळे त्यात येऊ शकतात. आमच्या एका संचालकांचं फार्मासिस्टचं स्वतःचं लायसन्स होतं आणि त्यावर फार जुनी एक नोंद होती, सीईचे (लायसन्स टिकवायला लागणाऱ्या पुढच्या शिक्षणाचे) तास कमी भरल्याची. त्यांना स्वतःलाही ते अर्धवटच आठवत होतं. ‘एनी लायसन्स’ म्हटलं की तेही आलं. डीईएचं (अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणारं केंद्राचं खातं) रजिस्ट्रेशनही आलं. आणि ‘पेंडिंग’ शब्द असेल तर अजून निकाल न लागलेली चौकशीसुद्धा.

शेवटचं, आणि हे मला कुणीच सांगितलं नव्हतं: रिन्यूअलची वाट बघायची सोय नसते. अनेक राज्यांत अशी काही कारवाई झाली की ठरलेल्या दिवसांत कळवावं लागतं, रिन्यूअल दोन वर्षांनी असलं तरी. कुठे दहा दिवस, कुठे तीस. पत्ता, मालकी, अधिकारी बदलले तरी तसंच. आमचा सगळा खेळ पत्त्यापासूनच तर सुरू झाला होता.

आता मी काय करते? स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक राज्यापुढे एक रकाना आहे, त्यात तो प्रश्न अर्जातून जसाच्या तसा उचलून चिकटवलेला, शेजारी वाचल्याची तारीख. खुलाशाचं एकच पान आहे, सगळ्या राज्यांना तेच जातं. काय झालं, कधी झालं, काय बदललं, तीन परिच्छेद. रडगाणं नाही. सोबत ऑर्डरची प्रत आणि दंड भरल्याची पावती. आणि महिन्यातून एकदा कंपनीचं नाव मी स्वतः इंटरनेटवर शोधते.

धीर धरा, हेही सांगते. ‘हो’ म्हटल्यावर आभाळ कोसळत नाही. माझ्या अनुभवात दहातली आठ राज्यं ऑर्डरची प्रत मागतात, वाचतात, रिन्यूअल देतात. तिकडे बसलेली माणसं रोज असली शंभर ‘हो’ बघतात. त्यांना चिडवतो तो खोटा ‘नाही’.

शॉर्टकटबद्दल माझी मतं थोडी कडवट आहेत, चालवून घ्या. लायसन्स काढून देणाऱ्या एजन्सी आहेत आणि त्या वाईट नाहीत. पत्ते, नोटरी, बाँड, फी, कुरिअर हे खुशाल त्यांना द्या. ते पान देऊ नका. एजन्सीतला मुलगा गेल्या वर्षीची उत्तरं उतरवतो. तुमच्या कंपनीत जूनमध्ये काय झालं ते त्याला कुठून कळणार? आणि ‘तीस दिवसांत लायसन्सिंग एक्स्पर्ट’ असले कोर्स घेऊ नका. आरएसीची (रेग्युलेटरी अफेअर्सच्या प्रमाणपत्राची) परीक्षा चांगली आहे, पण ती वेगळ्या गावची वाट.

गुरू शोधायचा तर तो सही करणाऱ्यांत शोधा. मला जे काही आलं ते आमच्या गोदामातल्या डेझिग्नेटेड रिप्रेझेंटेटिव्ह बाईंकडून. साठीच्या, स्टीलच्या टोकाचे बूट घालून फिरणाऱ्या. माझ्या प्रकरणानंतर त्यांनी मला एकच विचारलं, ‘तू टिक केलंस तेव्हा खाली सही कुणाची होती?’ कंपनीच्या अधिकाऱ्याची होती, पेनल्टी ऑफ पर्जरीखाली, म्हणजे खोटं निघालं तर खोट्या शपथेचा गुन्हा. त्याने पान वाचलंच नव्हतं. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: सही करणाऱ्याने त्या पानावरच्या प्रत्येक उत्तराशेजारी आपली आद्याक्षरं घालायची. लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

या बाईंच्या पदाबद्दल दोन शब्द, कारण नवे लोक ते पद कागदावरचं नाव समजतात. फ्लोरिडात त्या माणसाला परीक्षा पास व्हावं लागतं, पूर्ण वेळ त्याच जागेवर काम करावं लागतं, आणि तो नोकरी सोडून गेला तर दहा कामकाजाच्या दिवसांत दुसरा नेमून खात्याला कळवावं लागतं. नाहीतर होलसेलचं काम थांबतं. म्हणून एक माणूस कायम तयार ठेवायचा. बाईंना बरं नसलं की मला उगाच धडधडतं.

बोटांचे ठसे हा आणखी एक त्रास, पण हसण्यावारी न्यायचा. बाहेरच्या राज्यातल्या लोकांना कित्येकदा शाईचे ठसे कार्डावर द्यावे लागतात. गोदामात आयुष्य काढलेल्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, कार्ड परत येतं. आमचं तीनदा आलं. आदल्या रात्री लोशन लावायला सांगा आणि दोन कार्डं एकदम पाठवा.

कधी या सगळ्या कागदांचा वीट आला तर २०१२ आठवते. कॅन्सरवरचं ॲव्हास्टिन इथे बनावट आलं होतं, कुपीत मूळ औषधच नव्हतं, आणि ते डॉक्टरांपर्यंत पोचलं होतं. कुणीतरी कुणाकडून तरी ते घेतलं, पुढे विकलं. ‘तू कोण, माल कुणाकडून आणलास, याआधी काय केलंस’ हे विचारणारी ती पानं त्यासाठी आहेत. माझे अकरा दिवस त्यातले नव्हते, पण फॉर्मला ते मी सांगितल्याशिवाय कसं कळणार?

काल रात्री एका राज्याचं रिन्यूअल भरत होते. चौदावा प्रश्न, ‘एव्हर’वाला. ‘हो’वर टिक केलं, खुलासा जोडला, दोन्ही ऑर्डर जोडल्या, दोन्ही पावत्या जोडल्या. पोर्टलने फाइल मोठी आहे म्हणून घेतली नाही. आज पुन्हा स्कॅन करायची आहे, काळ्या-पांढऱ्यात.