सहा आकडी कोड आणि माझा गाढवपणा

दादरला लोकल बदलताना वर्गातल्या मैत्रिणीचा मेसेज आला, "चुकून तुझ्या नंबरवर कोड गेलाय, पाठव ना." घाईत पाठवला. तो माझ्याच व्हॉट्सअ‍ॅपचा नोंदणी कोड होता. दोन मिनिटांत माझं व्हॉट्सअ‍ॅप बंद, आणि माझ्या नावाने मावशीकडे ५,००० रुपयांची मागणी! मावशीने आधी फोन केला म्हणून वाचले. मैत्रिणीचं खातं आधीच चोरीला गेलं होतं, तिलाही पत्ता नव्हता.

त्याच नंबरने पुन्हा नोंदणी केली. एसएमएसने आलेला नवा कोड टाकताच चोर बाहेर. त्याने टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन (कोडनंतर विचारला जाणारा दुसरा आकडा) लावला असता, तर ७ दिवस थांबावं लागलं असतं. मग तो पिन मीच लावला, लिंक्ड डिव्हाइसेस (खातं आणखी कुठे जोडलंय ती यादी) तपासली. पैसे गेले असते, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

मावशी अजून विचारते, "तूच ना गं नक्की?"