सिस्टर्शियन मठांच्या शेतीचे संदर्भ शोधताना: माझा अनुभव
बाराव्या शतकातील सिस्टर्शियन (एका कॅथलिक संन्यासी पंथाच्या) मठांच्या शेतीचा अभ्यास करताना संदर्भ शोधणे अवघड झाले होते, कारण लीड्स विद्यापीठात १९६७ साली सुरू झालेली ‘इंटरनॅशनल मिडीव्हल बिब्लिओग्राफी’ ही मध्ययुगाविषयीच्या लेखांची सूची वर्गणीशिवाय पाहता येत नाही. मार्ग निघाला तो जर्मनीतील माइन्त्सच्या अकादमीच्या ‘रेगेस्टा इम्पेरी’ या विनामूल्य साहित्यसूचीमुळे. गौरवग्रंथांत आणि परिषदांच्या खंडांत दडलेले लेख, जे ग्रंथालयाच्या सूचीत सहसा सापडत नाहीत, ते येथे स्वतंत्रपणे नोंदलेले असतात. माझ्या मते हेच तिचे खरे मोल. शोध मात्र जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी संज्ञांनी वेगवेगळा घ्यावा लागला. फ्रेंच नियतकालिकांचे कित्येक जुने अंक ‘पेर्से’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता आले. सर्व नोंदी झोटेरो या संदर्भ साठवण्याच्या संगणक-प्रणालीत साठवून त्या नव्या लेखांच्या तळटीपांशी ताडून पाहिल्या.