हात 97, पाय 84: पॉट्स शंटनंतर घरी काय बघायचं

आमच्या लेकीच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब बाकी अंगातल्या रक्तदाबाच्याही वर गेला होता. अमळनेरला शाळेचा जिना चढताना ती दोनदा बेशुद्ध पडली. औषधं पुरेनात, तेव्हा मुंबईला पॉट्स शंट केला. फुप्फुसाकडे जाणारी डावी धमनी आणि खाली पोटाकडे उतरणारी महाधमनी यांच्यामध्ये वाट काढतात, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूवरचा भार उतरतो. आजार जात नाही. पहिले दिवस फार धोक्याचे, काही लेकरं त्यातून वाचत नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच समोर बसवून सांगितलं होतं. जी निभावतात त्यांचं बेशुद्ध पडणं बहुतेक वेळा थांबतं. आमच्या लेकीचं थांबलं.

पण त्या वाटेनं कमी ऑक्सिजनचं रक्त पायांकडे जातं. डोक्याच्या आणि हातांच्या धमन्या महाधमनीतून त्या वाटेच्या आधीच निघतात, म्हणून तिकडे चांगलं रक्तच पोचतं. सासूबाईंनी तिचे निळसर पाय बघितले आणि ‘माय व!’ म्हणून खालीच बसल्या. तेव्हा ऑक्सिमीटर दोन्हीकडे लावा. सकाळी पाच मिनिटं शांत बसवा, हातपाय गार असतील तर चोळून ऊब द्या. आधी उजव्या हाताचं बोट, मग पायाचं. आकडा स्थिरावला की वहीत लिहा. आखाजीला मेंदी काढू द्या, नखं तेवढी मोकळी ठेवा.

हात 97, पाय 84 हे आमच्या लेकीचे ऑक्सिजनचे आकडे. तुमच्या लेकराचे कोणते चालतील, हे घरी सोडतानाच विचारून घ्या. हाताचा आकडा घसरला तर लगेच फोन करा. हात-पाय सारखेच दिसायला लागले तरी करा, वाट अरुंद झालेली असू शकते. पुन्हा चक्कर आली तर आकडे बघत बसू नका, दवाखाना गाठा.

औषधं शंटनंतरही चालूच असतात. एकही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. आमच्या गावात ती नेहमी मिळत नाही, म्हणून पंधरा दिवसांची शिल्लक उरली की मी जळगावहून आणवते. पापड, शेव, लोणचं कमी केलंय, मिठानं अंगात पाणी साठतं. मे महिन्यात इथला पारा 44 च्या पुढे जातो. अशात उलट्या-जुलाब झाले तर लघवीची गोळी द्यायची की नाही, हे डॉक्टरांनाच विचारा.

एकदा ताप आला म्हणून एका दवाखान्यात नेलं. एका हातात सलाईन, दुसऱ्यावर बीपीचा पट्टा, म्हणून चिमटा पायाला लावला. 83 दिसताच सगळे धावले. समजावता समजावता माझा घसा कोरडा पडला. आता तिच्या दप्तरात प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद असतो: शंटचं नाव, हातापायाचे नेहमीचे आकडे, औषधं, मुंबईच्या डॉक्टरांचा नंबर आणि ‘सलाईनच्या नळीत हवेचा बुडबुडा जाऊ देऊ नका’. दुसरी प्रत वर्गशिक्षिकेकडे आहे.