जुना पॅटर्न कॉम्प्युटरवर चढवण्याआधी

साकीनाक्याला आमचा गाळा आहे, आणि गाळ्याच्या पोटमाळ्यावर अडीचशेच्या आसपास लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने. पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्हची झाकणं, गिअरबॉक्सची खोकी, आणि काही भाग अशा कापडगिरण्यांच्या यंत्रांचे की जिथे आता टॉवर उभे आहेत. कुठला पॅटर्न कुणाचा, कुठल्या धातूसाठी, त्याचा कोअर बॉक्स कुठल्या फळीवर, हे सगळं भाऊंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या डोक्यात. कागदावर शून्य.

डिप्लोमा करून मी गाळ्यावर बसायला लागले तेव्हा पहिलं काय केलं, तर सीएनसी राउटरचं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या फाइलप्रमाणे आकार कापणाऱ्या यंत्राचं, कोटेशन मागवलं. भाऊंनी ते वाचलं, घडी घालून चष्म्याच्या डबीखाली ठेवलं आणि म्हणाले, "आधी माळ्यावर काय आहे ते मोज." तेव्हा राग आला होता. आता एखादा पॅटर्नवाला मला विचारतो, "ताई, डिजिटल करायचंय, कुठलं मशीन घेऊ?" तेव्हा मी तेच सांगते, फक्त जरा लांबण लावून.

या धंद्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात. बिडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा भाग ओतायचा तर वाळूत त्याची पोकळी हवी. ती पोकळी उमटवायला जो नमुना वाळूत दाबतात तो पॅटर्न. भाग आतून पोकळ असेल तर आतल्या जागेसाठी वाळूचा वेगळा गोळा बसवावा लागतो, तो कोअर, आणि तो ज्यात घडवतात तो कोअर बॉक्स. पॅटर्न म्हणजे त्या भागाची हुबेहूब प्रतिकृती नव्हे. तो थोडा मोठा असतो, कारण धातू थंड होताना आकसतो. त्याच्या बाजूंना टेपर, म्हणजे थोडा तिरकेपणा असतो, नाहीतर वाळूतून काढताना साचा ढासळतो. जिथे नंतर मशिनिंग होणार तिथे जास्तीचा माल सोडलेला असतो. हे "थोडं मोठं, थोडं तिरकं, थोडं जास्त" नक्की किती, त्यातच पॅटर्नमेकरची सगळी अक्कल असते.

आधी रजिस्टर

एक जाड वही घ्या. एक्सेल नंतर. एकेक पॅटर्न खाली उतरवा, पुसा, बाजूला स्टीलची पट्टी ठेवून चारही बाजूंनी फोटो काढा, आणि लिहा: आमचा नंबर, गिऱ्हाईक, कुठल्या धातूसाठी, किती आकसण धरली आहे, मशिनिंगला कुठे किती माल सोडलाय, कोअर बॉक्स किती, लूज पीस, म्हणजे पॅटर्नचे सुटे निघणारे तुकडे, किती (आणि त्यातले किती सापडले), शेवटचा माल कधी ओतला, फौंड्रीची तक्रार काय होती. रंगांवर विसंबू नका. मशिनिंगची बाजू कुठल्या रंगाची आणि कोअर प्रिंट, म्हणजे कोअर टेकायची जागा, कुठल्या रंगाचा, हे प्रत्येक फौंड्रीत वेगळं सापडतं. आमच्याच माळ्यावर तीन पद्धती निघाल्या.

"मालक कोण" असा एक रकाना न चुकता ठेवा. पॅटर्न आपल्या माळ्यावर असला तरी बहुतेक वेळा पैसे गिऱ्हाइकाने दिलेले असतात, म्हणजे वस्तू त्याची. तो स्कॅन करायचा, म्हणजे स्कॅनरने त्याचा आकार मोजून कॉम्प्युटरवर घ्यायचा, तर गिऱ्हाइकाची लेखी परवानगी घ्या. तयार होणारी फाइल कुणाकडे राहणार हेही त्याच कागदावर येऊ द्या. लाकडी पॅटर्न कुणी खिशात घालून नेत नाही. फाइल सहज नेता येते.

या कामाला आम्हाला दोन पावसाळे लागले. पावसाळेच म्हणते, कारण मुंबईत लाकूड पावसाळ्यात कळतं. जूनपासून हवेतल्या ओलीने एमडीएफ फुगतो, प्लायचे थर सुटतात, फक्त जुना सागवान बऱ्यापैकी जागेवर राहतो. आणि २६ जुलै २००५ आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला त्या दिवशी आमच्या गाळ्यात कमरेएवढं पाणी होतं आणि खालच्या फळ्यांवरचे पॅटर्न तरंगत होते. भाऊंनी ते पंख्याखाली वाळवले. वाळले, पण पिळवटून वाळले. त्यातल्या दोन कोअर बॉक्सची ड्रॉइंग कुठेच नव्हती. ते काम गेलं ते गेलंच. म्हणून रजिस्टरचे फोटो गाळ्यातल्या कॉम्प्युटरवर एकदा, घरच्या डिस्कवर एकदा आणि क्लाउडवर एकदा, असे तीन जागी ठेवा.

आकसण: माझी बारा नगांची चूक

बीड मीटरला साधारण १० मिमी आकसतं, अ‍ॅल्युमिनियम १३ च्या आसपास, पितळ १५ च्या पुढेमागे, पोलाद २०. भाऊंच्या खणात चार श्रिंकेज स्केल आहेत. बिडाच्या पट्टीवर ३०० लिहिलंय तिथे साधी पट्टी लावली की ३०३ भरतात. म्हणजे ड्रॉइंगमधलं माप त्या पट्टीने जसंच्या तसं घ्यायचं, गुणाकार पट्टीनेच केलेला असतो. कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, हेच काम स्केल फॅक्टर करतो: बिडाला १.०१.

आता चूक ऐका. एका पंपाच्या झाकणाचा पॅटर्न झिजला होता. मी तो बाहेरून स्कॅन करून आणला, फाइल नीटनेटकी केली आणि शिकल्याप्रमाणे १.०१ ने मोठी केली. नवा पॅटर्न झाला, कोल्हापूरला शिरोलीच्या फौंड्रीत गेला, १२ नग ओतले गेले. झाकणाचा व्यास ४२० मिमी हवा. माल आला ४२४ चा. बाहेरची कड एक वेळ टर्निंगमध्ये निघाली असती. पण बोल्टांचे बॉस, म्हणजे भोकांसाठी ठेवलेले उंचवटे, ३६० च्या वर्तुळावर हवे होते ते ३६३.६ वर गेले, म्हणजे प्रत्येक बॉस भोकाच्या मध्यापासून १.८ मिमी बाहेर. बाराही नग भंगारात.

कारण एवढंच की मी भाग स्कॅन केला नव्हता, पॅटर्न केला होता. त्यात भाऊंनी आकसण आधीच धरलेली होती. मी ती दुसऱ्यांदा दिली. स्कॅनरला यातलं काही कळत नाही. तो समोर आहे ते मोजतो, ते कशासाठी आहे हे त्याला कोण सांगणार?

त्या दिवसापासून नियम केला. स्कॅनच्या फाइलच्या नावातच लिहायचं: "भाग", "पॅटर्न" किंवा "मास्टर". मास्टर वेगळा का? मोठ्या संख्येच्या कामाला लाकडी पॅटर्न टिकत नाही, म्हणून लाकडाचा मास्टर करून त्यावरून अ‍ॅल्युमिनियमचा पॅटर्न ओतून घेतात आणि त्यावर बिडाचा माल काढतात. अशा मास्टरमध्ये दोन आकसण्या असतात, आधी अ‍ॅल्युमिनियमची, मग बिडाची: १.०१३ गुणिले १.०१, म्हणजे १००० ला १०२३. माळ्यावर असले सात मास्टर निघाले. दिसायला ते इतर पॅटर्नसारखेच.

स्कॅन करताना

स्कॅनर विकत घेऊ नका, निदान पहिली दोन वर्षं. अंधेरी, रबाळे, वसईकडे स्कॅनिंगचं जॉबवर्क करणारे आहेत. दिवसभराचं काम साठवा आणि एकदम न्या. चकचकीत काळ्या पॉलिशवर स्कॅनर आंधळा होतो, त्याला पांढरा मॅट थर लागतो. वेल्डिंग तपासायला जो डेव्हलपर स्प्रे वापरतात तो चालतो, नंतर पुसून घ्या.

स्कॅन हातात आला की त्यावरून थेट पॅटर्न कापायची घाई करू नका. पॅटर्नवर वीस वर्षं वाळू ठोकलेली असते. कडा गोल झालेल्या, एका बाजूचा टेपर झिजून सरळ झालेला, कुठे लांबी (पुट्टी) भरलेली, कुठे कुणीतरी खिळा मारलेला. हे सगळं स्कॅनमध्ये जसंच्या तसं येतं. म्हणून स्कॅन कॅडमध्ये फक्त खाली अंथरायचा आणि त्याच्यावर भाग नव्याने काढायचा: ३९.७ दिसलं तर विचारायचं, मूळचे ४० असतील का? यासाठी महागडं सॉफ्टवेअरच हवं असं नाही. मी सुरुवात फ्रीकॅडवर केली, ते फुकट आहे आणि आमच्या कामाला पुरलं.

राउटरवाल्याला फाइल देताना स्टेप प्रकारची द्या, एसटीएल प्रकारची नको. एसटीएलमध्ये एकक नसतं. तुमचे १०० मिमी त्याच्याकडे १०० इंच म्हणून उघडू शकतात. पंचवीस पट मोठा पॅटर्न कुणी कापणार नाही हे खरं, पण थ्रीडी प्रिंटरवाल्याने "बसत नाही" म्हणून अंदाजाने लहान करून छापलेला पॅटर्न मी पाहिलाय.

लाकूड, राउटर की प्रिंटर

माझा हिशेब असा. भाग तळहातापासून वीतभर, साचे पाच-पन्नास, आणि आकार वेडावाकडा असेल तर प्रिंट. मोठा सपाट भाग, साधी वर्तुळं आणि चौकोन असतील तर अजूनही लाकूड. आमचे जुने कारागीर अण्णा असला पॅटर्न जेवणाच्या सुट्टीआधी उभा करतात, तेवढ्यात राउटरवाल्याचं प्रोग्रॅमिंगही होत नाही. वळणदार पृष्ठभाग, शेकडो साचे, नेमकं माप, तर पीयू बोर्डवर, म्हणजे पॉलियुरेथेनच्या फळीवर, सीएनसी. राउटरला देताना आतले कोपरे बघा. गोल टोकाचा कटर जेवढ्या त्रिज्येचा, तेवढा गोलवा तिथे येणारच. म्हणून फिलेट, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, आधीच त्या मापाची ठेवा.

प्रिंटवर थोडं जास्त बोलते, कारण चुका इथेच होतात. साधा पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. मे महिन्यात बंद टेम्पोत कोल्हापूरपर्यंत गेलेला पातळ पॅटर्न तिथे केळ्यासारखा वाकून उतरला होता. एबीएस जास्त तग धरतो. पण शेल कोअरसारख्या तापवलेल्या बॉक्सचं काम असेल तर प्लास्टिक विसरा, तिथे धातूच लागतो. प्रिंटचे थर हाताला गुळगुळीत वाटले तरी वाळू त्यात अडकते आणि साचा फाटतो. लांबी, प्राइमर, मग ४०० नंबरचा पॉलिशपेपर, असं दोन वेळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पॅटर्न काढायची सोय. मोल्डर, म्हणजे साचा करणारा कारागीर, पॅटर्नमध्ये टोकदार सळई ठोकतो, इकडेतिकडे हलवून तो सैल करतो आणि वर उचलतो. लाकूड हे सहन करतं, पोकळ प्रिंट तडकतो. म्हणून आतून इपॉक्सी आणि वाळूचं मिश्रण भरा आणि उचलायला आट्यांची भोकं असलेली लोखंडी पट्टी आधीच बसवा.

एक गोष्ट लपवून उपयोग नाही. आता वाळूचा साचाच थेट प्रिंट करणारी यंत्रं आली आहेत. एक-दोन नगांसाठी पॅटर्नची गरजच उरत नाही. ते काम आपल्या हातून जाणार. तिथे भांडण्यापेक्षा मी कॅड करून देते आणि त्याचे पैसे घेते. टेपर, आकसण, मशिनिंगचा माल यातलं काही त्या यंत्रालाही आपोआप समजत नाही. टेपर तेवढा तिथे लागत नाही, बाकी सगळं लागतं.

अण्णांशेजारची खुर्ची

मी एक मुलगा कॅडवर ठेवला. हुशार, हात झरझर चालायचा. त्याने पहिल्या आठवड्यात काढलेला पॅटर्न पडद्यावर सुरेख दिसत होता आणि साच्यातून निघणं अशक्य होतं, कारण मध्ये एक बॉस आडवा आलेला. त्याला लूज पीस हवा हे त्याला कळलं नाही. कळणार कसं, त्याने साचा उघडताना कधी पाहिलाच नव्हता. मी त्याला तळोज्याच्या एका फौंड्रीत दोन दिवस नुसतं उभं केलं. परत आला तो पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग मिळतात ती रेष, कुठे, हा प्रश्न पहिला विचारायला लागला.

अण्णांना कॉम्प्युटर शिकवायच्या भानगडीत मी पडले नाही. त्या मुलाची खुर्ची त्यांच्या बेंचशेजारी हलवली. रोज अर्धा तास अण्णा एक जुना पॅटर्न हातात घेऊन बोलतात, मुलगा मोबाइलवर चित्रण करतो आणि प्रत्येक ठिकाणी "असं का?" विचारतो. या अर्ध्या तासाचे पैसे अण्णांना वेगळे मिळतात. सुरुवातीला ते नको म्हणाले, मग महिनाअखेरीला त्यांनी स्वतःहून आठवण केली. त्यातून जे निघालं ते कुठल्या तक्त्यात नव्हतं: लांब मोकळी पट्टी पूर्ण आकसते, पण मध्ये कडक कोअर अडकला असेल तर धातूला आकसायला जागाच मिळत नाही, मग तिथे दहाऐवजी सात-आठच धरायचे. पडद्यावरचा १.०१ सगळ्या दिशांना सारखाच लागतो. अण्णांचा हात तसा लावत नाही. म्हणून आम्ही आता गरज पडेल तिथे लांबी, रुंदी, उंचीला वेगवेगळा आकडा देतो.

नवा पॅटर्न गेला की फौंड्रीला एकच विनंती करते: पहिला नग मशिनिंगला पाठवायच्या आधी आम्हाला दाखवा. तो नग गाळ्यावर येतो, अण्णा व्हर्निअर घेऊन मोजतात, मुलगा लिहितो. किती धरलं होतं, खरं किती आकसलं, कुठल्या बाजूला. रजिस्टरमध्ये त्याला वेगळा रकाना आहे. मागच्या आठवड्यात एका व्हॉल्व्हच्या झाकणाचा आकडा तिथे आला: १० धरले होते, ८.५ निघाले. फाइल त्याच संध्याकाळी दुरुस्त झाली. माळ्यावरचा लाकडी पॅटर्न मात्र भाऊंनी तसाच ठेवायला सांगितलाय.