डेव्हऑप्समध्ये यायचंय? आधी एक सर्व्हर सांभाळा

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात मी सर्व्हर सांभाळायचे. एकदा रात्री साडेदहाला गेटवर माल भरलेले ट्रक उभे आणि बिलंच निघेनात. डिस्क किती भरलीय ते दाखवणारी ‘डीएफ’ कमांड दिली, तर डिस्क शंभर टक्के भरलेली. एका प्रोग्रामची लॉग फाइल, म्हणजे तो काय करतो त्याची नोंदवही, फुगून बसली होती. मी घाईघाईने ती उडवली, तरी जागा मोकळी होईना. अर्ध्या तासाने उमगलं, की प्रोग्रामने ती फाइल उघडीच धरून ठेवलीय. तो रीस्टार्ट केला आणि जागा सुटली. प्रोग्राम लिहिणारे पुण्यात होते, रात्री जागणारे आम्ही. या दोघांमधली भिंत पाडायची म्हणूनच 2009 मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात पॅट्रिक देब्वा यांनी ‘डेव्हऑप्सडेज’ ही पहिली परिषद भरवली आणि ‘डेव्हऑप्स’ हे नाव रूढ झालं: कोड लिहिणारे (डेव्हलपमेंट) आणि तो चालवणारे (ऑपरेशन्स) यांनी एकत्र काम करायचं.

कॉलेज रोडवर क्लास शोधणारी मुलं विचारतात, “ताई, आधी कुबरनेटीस की टेराफॉर्म?” पहिलं अनेक मशीनवर प्रोग्राम सांभाळणारं, दुसरं कोड लिहून सर्व्हर उभे करणारं साधन. मी म्हणते, आधी लिनक्स, म्हणजे बहुतेक सर्व्हरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम. जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकातच दुसरा संगणक चालवणारा प्रोग्राम) टाका, त्यात उबुंटू हे लिनक्स. फाइलच्या परवानग्या, प्रोसेस (चालू प्रोग्राम), पोर्ट (प्रोग्रामचा नेटवर्कवरचा दरवाजा), डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं), लॉग वाचणं, एवढ्यावर दोन महिने द्या. परवानगी नाकारली की सगळ्यांना सगळं खुलं करणारी ‘७७७’ची सवय मात्र लावून घेऊ नका.

मग स्वतःचं काहीतरी चालवा. लासलगावचा कांद्याचा भाव दाखवणारं साधं पान पायथनमध्ये लिहा, भाव रोज हाताने भरले तरी चालेल. त्याच्यासमोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवा, ब्राउझरची मागणी घेऊन तो मागच्या प्रोग्रामकडे देतो. आता मुद्दाम पायथनचा प्रोग्राम बंद करा. ब्राउझरमध्ये ५०२ ही एरर दिसेल. एनजिनएक्स जिवंत आहे, मागचा प्रोग्राम मेलाय, हे लॉगमधून स्वतः शोधा. डिस्क भरून बघा, पासवर्ड चुकवून बघा. प्रत्येक बिघाड आणि त्याचा उपाय वहीत लिहून ठेवा.

कोड पहिल्या दिवसापासून गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, असू द्या. प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्यासकट एका डब्यात बांधणारं डॉकर त्यानंतर. मग गिटहब अ‍ॅक्शन्स, म्हणजे गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कामं आपोआप करून घेणं: कोड तिथे ढकलला की आधी टेस्ट, पास झाली तरच नवं पान चढेल. भाव शून्याखाली गेला तर टेस्ट नापास झालीच पाहिजे.

क्लाउडवर, म्हणजे भाड्याने सर्व्हर देणाऱ्या कंपनीकडे, खातं उघडलंत की पहिलं काम बिलाचा अलर्ट. सराव संपला की मशीन नुसतं बंद ठेवू नका, काढून टाका. बंद मशीनच्या डिस्कचेही पैसे लागतात. बॅकअप घेतलात तर तो दुसऱ्या मशीनवर परत उभा करून बघा. हे न केल्यामुळे रडलेली माणसं मी पाहिली आहेत.

कुबरनेटीस यानंतर, एका मशीनवर भागेनासं झालं की.

पहिली नोकरी सपोर्टची किंवा सिस्टिम अ‍ॅडमिनची मिळाली तर आनंदाने घ्या. मुलाखतीला जाताना ती वही सोबत न्या, आणि त्यातला सर्वांत जास्त छळलेला बिघाड सविस्तर सांगा.