गर्द निळा नेमका कुठे बिघडतो: कॅनव्हास आणि भिंतीवरच्या या चुका टाळा

गर्द, तेजस्वी निळा फसला की दोष छटेला दिला जातो. पण माझ्या मते बिघाड बहुतेक वेळा रंगाच्या भुकटीला धरून ठेवणाऱ्या माध्यमात, खालच्या भिंतीत किंवा खोलीतल्या दिव्यात असतो.

अल्ट्रामरीन या गर्द निळ्या रंगद्रव्याचेच पाहा. पूर्वी तो अफगाणिस्तानातील बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून काढत आणि १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये तो कृत्रिमरीत्या बनू लागला. कोरड्या भुकटीत तो डोळ्यांत भरतो, पण तेलात मिसळताच गडद होतो आणि जाड थरात जवळजवळ काळा दिसतो. पॅरिसचे चित्रकार इव्ह क्लाइन याच अडचणीशी झगडले. भुकटीचे कोरडे तेज न दबवणारे कृत्रिम राळेचे माध्यम त्यांनी रंगविक्रेते एदुआर आदाम यांच्या मदतीने शोधले आणि १९६०मध्ये त्याची नोंद केली. म्हणून तेलाचा मारा करू नये आणि वर चकचकीत वार्निश चढवू नये. सुरीच्या टोकावर मावेल इतक्याच सफेद्याने निळेपण उमलते. तो थोडा जास्त झाला की रंग दुधाळ होतो.

सर्वांत महागात पडणारी चूक भिंतीवर होते. चुन्याच्या किंवा ताज्या सिमेंटच्या गिलाव्यावर प्रशियन निळा हा दुसरा गडद निळा रंग लावला, तर क्षारामुळे तो विघटित होऊन तपकिरी पडतो. अल्ट्रामरीन मात्र चुन्यात टिकतो, म्हणूनच चुन्यात अल्ट्रामरीनची नीळ कालवण्याची आपली जुनी पद्धत योग्य होती. त्याचा शत्रू आम्ल आहे. बशीत चिमूटभर अशी नीळ भुकटी घेऊन वर लिंबू पिळून ठेवावे. थोड्या वेळाने रंग फिका पडतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. म्हणून अल्ट्रामरीनची भिंत व्हिनेगरने किंवा न्हाणीघराच्या ॲसिडने कधीही पुसू नये. ओल असलेली भिंत आधी दुरुस्त करावी, कारण ओलीमुळे भिंतीवर फुटणाऱ्या क्षारांचा, म्हणजे लोणा लागल्याचा, पांढरा थर निळ्यावर लगेच उठून दिसतो.

मोरोक्कोतील माराकेशमध्ये आपल्या बागेतल्या वास्तूला फ्रेंच चित्रकार जाक माजोरेल यांनी १९३७मध्ये दिलेला निळा तिथल्या लख्ख उन्हात झळकतो. तोच रंग उत्तरेकडच्या खोलीत २७०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे प्रकाशाची छटा सांगणारे एकक) पिवळट दिव्याखाली मलूल वाटतो, कारण त्या प्रकाशात निळा अंशच कमी असतो. अशा ठिकाणी ४००० केल्विनचा, अधिक पांढरा दिवा लावून पाहावा. शेड कार्डावरच्या बोटभर तुकड्यावर विसंबू नये. दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तो सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर त्याच भिंतीला टेकवून पाहावा.

गडद छटांची झाकण्याची ताकद अनेकदा कमी असते, त्यामुळे पांढऱ्या प्रायमरवर तिसरा-चौथा हात मारूनही डाग राहतात. रंगाऱ्याला राखाडी प्रायमर लावायला सांगावे आणि पूर्ण भिंत एका दमात ओली असतानाच संपवायला लावावी, म्हणजे रोलरचे पट्टे उमटत नाहीत. मॅट थर सर्वांत देखणा असला तरी स्विचबोर्डाभोवती हाताचे ठसे धरतो. तेवढी पट्टी धुता येण्याजोग्या रंगाची ठेवावी.